किल्ली कोणाच्या खिशात?

मनोरुग्णालयातल्या केसपेपरवर एक शेरा असतो: ‘फिट फॉर डिस्चार्ज’. आजार आटोक्यात आहे, गोळ्या चालू आहेत, आता घरी जायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. ज्या बाईच्या कागदावर हा शेरा पडलाय ती वॉर्डात इतरांच्या वेण्या घालून देते, भाजी निवडते, सिस्टरांना चादरी मोजून देते. शेरा पडून सहा वर्षं झालेली असतात. कागदावरच्या पत्त्यावर आता दुसरंच बिऱ्हाड राहतं. भावाचा फोन लागत नाही, आणि लागलाच तर ‘तिकडेच बरी आहे ती’ एवढंच ऐकू येतं.

ही बाई मी कल्पनेने उभी केली आहे, पण तिच्यासारख्या किती आहेत हे मोजून झालंय. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे दाखल असलेल्या दर शंभरातले छत्तीस जण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ आतच होते. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, मंजूर खाटा ५,६९५. त्यातली एक खाट आजारामुळे भरलेली आहे की घर नसल्यामुळे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

याच गोष्टीचं दुसरं टोक रस्त्यावर दिसतं. एसटी स्टँडच्या भिंतीशी बसलेला, केसांच्या जटा झालेला, स्वतःशीच बोलणारा माणूस. चहावाला त्याला सकाळी चहा देतो, बाकी कोणी जवळ जात नाही. कोणीतरी तक्रार केली की पोलीस येतात, तो दवाखान्यात जातो, दोन-तीन महिन्यांत पुष्कळ सुधारतो आणि मग पुन्हा रस्त्यावर येतो, कारण जायला दुसरी जागाच नसते. रस्त्यावर गोळ्यांची पट्टी टिकत नाही. पिशवी चोरीला जाते, पावसात भिजते. रात्री सावध झोपावं लागतं म्हणून झोप आणणारी गोळी तो मुद्दाम टाळतो. पुन्हा आजार उसळतो.

या दोघांसाठी जगात चाळीस-पंचेचाळीस वर्षं एक उत्तर वापरलं जातंय. त्याला सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणतात. मी त्याला ‘आधारासह घर’ म्हणेन.

कल्पना वाटते त्याहून साधी आहे. एक घर हवं: परवडणारं, मुदतीचं नसलेलं, शक्यतो राहणाऱ्याच्याच नावावर भाड्याने घेतलेलं. आणि मदत करणारी माणसं हवीत, जी त्या घरी येतात: समाजसेवक, नर्स, महिन्यातून एकदा तरी डॉक्टर. पण खरी मेख या दोन गोष्टींच्या दोऱ्या वेगवेगळ्या ठेवण्यात आहे. गोळ्या बंद केल्या म्हणून घर जाणार नाही. आणि काही कारणाने घर सुटलं, तरी मदत करणारी माणसं त्याला सोडणार नाहीत.

रात्रनिवारा यात बसत नाही. तिथे एका मोठ्या खोलीत ओळीने खाटा असतात आणि सामान उशाशी घेऊन झोपावं लागतं. हाफवे होमही बसत नाही, कारण ते नावाप्रमाणे अर्ध्या वाटेवरचं आहे, काही महिन्यांत निघायचंच असतं. आश्रमात जेवण, औषध, माया सगळं मिळतं, पण दिवे कधी घालवायचे ते व्यवस्थापक ठरवतो. मला स्वतःला एक साधी कसोटी बरी वाटते. दाराची किल्ली कोणाच्या खिशात आहे ते बघायचं. राहणाऱ्याच्या खिशात असेल आणि मदतनीस बेल वाजवून येत असेल, तर ते घर. किल्ली वॉर्डनच्या कमरेला असेल, तर ती संस्था, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

न्यूयॉर्कमध्ये हे कसं सुरू झालं

१९५५ साली एकट्या न्यूयॉर्क राज्याच्या मनोरुग्णालयांत सुमारे ९३,००० माणसं होती. मग नवी औषधं आली, कोंडून ठेवण्याविरुद्ध जनमत तयार झालं आणि वॉर्ड रिकामे होऊ लागले. बाहेर पडलेल्यांसाठी वस्तीपातळीवर उपचार केंद्रं उभी राहतील असं ठरलं होतं. ती पुरेशी उभी राहिलीच नाहीत. सुरुवातीला या लोकांना शहरातल्या स्वस्त हॉटेलांनी सामावून घेतलं. एक खोली, बाहेर सामाईक संडास, आठवड्याचं भाडं. आपल्या चाळीतल्या एकट्या पुरुषांच्या खोल्यांसारखंच. पुढे जागांचे भाव चढले, ती हॉटेलं पाडून महागडे फ्लॅट झाले आणि खोल्यांतली माणसं फूटपाथवर आली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. रस्त्यावरच्या गर्दीला आजाराइतकाच स्वस्त खोल्यांचा तुटवडाही जबाबदार होता.

१९८० मध्ये काही फ्रान्सिस्कन पाद्रींनी त्या शहरातलं असंच एक जुनं हॉटेल घेतलं, खोल्या मनोरुग्णांना भाड्याने दिल्या आणि नर्स-समाजसेवकांना त्याच इमारतीत बसवलं. सेंट फ्रान्सिस रेसिडेन्स हे तिचं नाव. १९९० मध्ये राज्याचे गव्हर्नर मारिओ क्युओमो आणि शहराचे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी एकत्र करार करून अशी हजारो घरं सरकारी पैशाने उभी करायचं ठरवलं.

पण तोवर घर मिळवण्याची पद्धत जिन्यासारखी होती. आधी निवाऱ्यात रहा, मग दारू सोडून दाखव, मग गोळ्या नियमित घेऊन दाखव, मग सामूहिक घरात शिस्तीने वागून दाखव, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर स्वतंत्र घर. वरवर पाहता यात काही चूक दिसत नाही. आपल्यालाही ‘आधी लायकी दाखव’ हे ऐकायची सवय आहे. अडचण अशी की ज्याला सर्वांत जास्त आजार आहे तोच पहिल्या-दुसऱ्या पायरीवरून घसरतो, आणि घसरला की पुन्हा रस्ता.

सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था काढून हा जिनाच काढून टाकला. रस्त्यावरच्या माणसाला विचारायचं, काय हवं? तो म्हणतो, घर. मग घर द्यायचं, साध्या इमारतीतला साधा भाड्याचा फ्लॅट. अटी मोजक्या: उत्पन्नाचा तीस टक्के हिस्सा भाड्यात द्यायचा, आणि मदतनीसांना ठरलेल्या भेटी घरी येऊन घेऊ द्यायच्या. दारू सोडायची अट नाही, गोळ्या घेण्याची अट नाही. याला ‘हाउसिंग फर्स्ट’ असं नाव पडलं. अनेकांना तेव्हा हा वेडेपणा वाटला. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा या पद्धतीतले ८८ टक्के लोक घरात टिकून होते, जिन्याच्या पद्धतीतले ४७ टक्के.

‘आधार’ म्हणजे नेमकं काय

लेखांत आणि भाषणांत घराबद्दल पुष्कळ बोललं जातं. आधाराबद्दल कमी, आणि बजेट कापायची वेळ आली की कात्री तिथेच आधी लागते. म्हणून जरा इथे थांबू.

दहा वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला तुम्ही किल्ली दिलीत. पहिल्या रात्री तो खाटेवर झोपत नाही, दारापाशी फरशीवर झोपतो. चार दिवसांनी जुन्या जागी जाऊन बसतो, कारण बोलणारी माणसं तिथेच असतात. घरातली शांतता अंगावर येते. आजारामुळे नसलेले आवाज ऐकू येणाऱ्याला तर ती फारच जड जाते. मग जुने सोबती घरी येऊन राहू लागतात. एकाचे चौघे होतात, शेजारी तक्रार करतात. गॅस चालू राहतो. वीजबिल दारातून आत पडतं आणि तसंच पडून राहतं, कारण त्याने आयुष्यात कधी बिल भरलेलं नसतं.

इथे मदतनीस लागतो. तो बाजारात सोबत जातो, बँकेचं खातं उघडून देतो, शेजारच्या काकांशी बोलून घेतो, पाहुण्यांना ‘नाही’ कसं म्हणायचं ते शिकवतो. गोळ्यांचा विषय लगेच काढत नाही. महिना-दोन महिन्यांनी तोच माणूस म्हणतो, ‘रात्री झोप लागत नाही, काही मिळेल का?’ उपचार तिथून सुरू होतो. ज्यांचा आजार तीव्र आहे त्यांच्यासाठी एक पूर्ण पथक असतं: डॉक्टर, नर्स, समाजसेवक, आणि स्वतः या आजारातून गेलेली एखादी व्यक्ती. साधारण दहा रुग्णांमागे एक कर्मचारी, आणि अडीनडीला रात्रीही फोन उचलणारं कोणीतरी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरात १९७० च्या दशकात ही पथकाची पद्धत तयार झाली. ज्या सेवा रुग्णालयात खाटेपाशी मिळायच्या, त्याच घरापाशी नेल्या, एवढाच तिचा मथितार्थ.

मग खर्च? न्यूयॉर्कच्या १९९० च्या करारातून घर मिळालेल्या ४,६७९ जणांचा हिशोब संशोधकांनी २००२ मध्ये मांडला. घर मिळण्याआधी, बेघर असताना, अशा एका माणसावर निवारे, रुग्णालयं, तुरुंग मिळून वर्षाला सुमारे ४०,४५१ डॉलर सार्वजनिक खर्च होत होता. घर दिल्यावर तो १६,२८१ डॉलरांनी कमी झाला. घर आणि आधार यांचा वर्षाचा खर्च १७,२७७ डॉलर. म्हणजे शहराच्या खिशाला लागली ती चाट हजार डॉलरांच्याही आत. रस्त्यावरचा माणूस फुकट जगतो असं आपल्याला वाटतं. त्याचं बिल फक्त वेगवेगळ्या खात्यांच्या नावावर फाटत असतं.

न्यूयॉर्कचे आकडे फारच गोंडस वाटत असतील तर कॅनडा बघा. २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांवर, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तशा शास्त्रीय पद्धतीने हा प्रयोग झाला. शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक सगळा वेळ घरात होते, नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटातले ३१ टक्के. पण ज्यांचा सेवांवरचा खर्च मुळातच कमी होता त्यांच्या बाबतीत पैसे फारसे वाचले नाहीत. खरी बचत झाली ती सर्वांत जास्त खर्चाच्या दहा टक्के लोकांमागे.

आता काय होत नाही तेही सांगायला हवं. घर मिळाल्याने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. व्यसन आपोआप सुटत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या संस्थेने सगळे पुरावे तपासून सांगितलं की माणसं घरात टिकतात हे पक्कं, पण एचआयव्हीचे रुग्ण सोडले तर तब्येत ठळकपणे सुधारते असं सिद्ध झालेलं नाही. विरोधक याच वाक्यावर बोट ठेवतात आणि २०२५ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने ‘हाउसिंग फर्स्ट’चा पाठिंबा काढूनही घेतला. माझं मत विचाराल तर घराकडून औषधाची अपेक्षा करणंच चूक आहे. मधुमेह असलेल्याला घर दिलं आणि साखर उतरली नाही, म्हणून त्याला आपण फूटपाथवर पाठवत नाही.

मुलंबाळं असलेली कुटुंबं

कुटुंबांचं गणित वेगळं आहे आणि याबाबतीत बराच गोंधळ होतो. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १२ ठिकाणच्या २,२८२ बेघर कुटुंबांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. काहींना दीर्घकाळ भाड्यात मदत दिली, काहींना थोड्या महिन्यांपुरती, तर काहींना सेवांनी भरलेलं तात्पुरतं घर दिलं. सर्वांत चांगला परिणाम नुसत्या दीर्घकाळच्या भाड्याच्या मदतीचा झाला. पुन्हा बेघर होणं निम्म्याहून खाली आलं, मुलं आईबापांपासून तुटण्याचं प्रमाण घटलं, घरातली मारहाण आणि आईवरचा मानसिक ताणही कमी झाला. सेवांनी भरलेलं तात्पुरतं घर महाग पडलं आणि फारसं वेगळं काही साधलं नाही. म्हणजे बहुतेक बेघर कुटुंबांना समुपदेशक नको असतो, भाडं हवं असतं.

ज्या घरात आईला किंवा बापाला गंभीर मानसिक आजार आहे तिथे मात्र आधार लागतोच. अशी आई आजार लपवते, कारण कळलं तर मूल काढून घेतील ही भीती. आधारासह घरात मूल आईपाशीच राहतं आणि मदतनीस दोघांकडे बघतो: आईच्या गोळ्या आणि मुलाची शाळा, एकाच भेटीत. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याची छोटी सुरुवात केली आहे. दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही, असं तो सांगतो. डिस्चार्जनंतर ही मायलेकरं कुठे जाणार, हा प्रश्न अर्थातच उरतो.

आपल्याकडे

कायदा वाचला तर आपण बऱ्याच पुढे आहोत असं वाटेल. २०१७ चा हा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ मध्ये लिहिलंय की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. कलम १८ हाफवे होम आणि आधारासह निवास सरकारने द्यायला सांगतं. कलम १०० नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी लॉकअपमध्ये टाकायचं नाही, चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा.

प्रत्यक्षात काय झालं? १ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावं लागलं की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं ताबडतोब थांबवा. वॉर्डातली गर्दी कमी झाल्याचं कागदावर दिसत होतं; किल्ली एका कमरेवरून दुसऱ्या कमरेला गेली होती इतकंच.

पण न्यूयॉर्कची पद्धत जशीच्या तशी उचलूनही चालणार नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुष्कळ मनोरुग्णांना कुठेतरी घर असतं. आजाराच्या भरात ते रेल्वेत बसून दोन राज्यं ओलांडून आलेले असतात आणि गावाकडे आई अजून वाट बघत असते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं काम याच धाग्यावर उभं आहे. रस्त्यावरून आणायचं, कर्जतच्या केंद्रात उपचार करायचे, बोलता झाला की गावाचं नाव काढून घ्यायचं आणि थेट दारापर्यंत सोडून यायचं. अशी हजारो माणसं त्यांनी घरी पोचवली. डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो यासाठीच. आपल्याकडे म्हणून पहिला प्रश्न ‘घर देऊ का’ असा नसून ‘घर कुठे आहे’ असा असायला हवा.

ज्यांना परत जायला खरोखर कोणी नाही, किंवा घरात मारहाण होती म्हणून ज्या बाहेर पडल्या, त्यांच्यासाठी चेन्नईच्या ‘द बॅनियन’ने वाट काढली. १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी ही संस्था बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी सुरू केली. वर्षानुवर्षं संस्थेत अडकलेल्या स्त्रियांसाठी २०१५ च्या सुमारास त्यांनी ‘होम अगेन’ हा उपक्रम आणला. एकमेकींशी पटणाऱ्या चार-पाच जणी ठरवून एकत्र राहतात, साध्या वस्तीत भाड्याचं घर घेतात, सोबत स्थानिक मदतनीस बाई असते. आज काय शिजवायचं यावर वाद घालतात, दुकानात जातात, शेजारच्या हळदीकुंकवाला जातात. अमेरिकेत एकेकट्याला फ्लॅट, इथे चौघींचं बिऱ्हाड. आपल्याला एकटं राहणं म्हणजे शिक्षा वाटते, तेव्हा हा बदल शहाणपणाचाच. महाराष्ट्रात हे काम रत्नागिरी परिसरात पोचलंय.

मग सरळ सगळीकडे अशी बिऱ्हाडं का नाहीत? पैसा हे एक कारण. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये महिना २,५०० रुपये करायचं ठरलं. मानसिक आजार दिव्यांगत्वात मोडतो, पण प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि ठाण्यात तेवढ्या पैशांत खोली मिळत नाही. दुसरं कारण आपण सगळेच. आमच्या सोसायटीच्या सभेत तिसऱ्या मजल्यावर नोकरी करणाऱ्या चार मुली भाड्याने राहणार यावरून दोन तास खडाजंगी झाली होती. तिथे ‘मेंटल हॉस्पिटलमधून आलेल्या चौघी’ म्हटल्यावर काय होईल याची मला पुरेपूर कल्पना आहे.

आणि करार. न्यूयॉर्कच्या सगळ्या पद्धतीचा पाया आहे भाडेकरूचा हक्क: भाडं भरतोय तोवर सहजासहजी काढता येत नाही. आपल्याकडे चालतो तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. त्यात राहणारा भाडेकरू नसतोच, नुसता परवानाधारक असतो. मुदत संपली की मालक जागा परत मागू शकतो, कायदा त्याच्या बाजूने आहे. दहाव्या महिन्यापासून संस्थेचा माणूस मालकाची मनधरणी करायला लागतो. सहा वर्षांनी वॉर्डाबाहेर पडलेल्या बाईला दर वर्षी सामान बांधायला लावणं म्हणजे तिचा आजार मुद्दाम उकरून काढणं.

करार तिच्या नावावर होऊ शकतो का, असं लोक विचारतात. होऊ शकतो. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी ‘विकल मनाचा’ ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवावं लागतं, असं २०१७ च्याच कायद्यात स्पष्ट आहे. १८७२ चा करार कायदाही सांगतो की अधूनमधून आजारी असणारा माणूस, मन ठिकाणावर असताना करार करू शकतो. तेव्हा तिची सही चालते. नोंदणीच्या वेळी आधार कार्ड मागतात. ते वॉर्डात असताना काढलेलं असेल, तर पत्त्याच्या जागी मनोरुग्णालयाचं नाव असतं, आणि मालक सगळ्यात आधी तेच वाचतो.